विणीचे कांस्य: कापडावरून फर्निचर ओतताना या चुका टाळा

गोधडीचा धावदोरा, घोंगडीची जाड वीण, बाजेची नवार किंवा पैठणीच्या पदरावरचा मोर कांस्यात उतरवून बाक, चौरंग किंवा मेज घडवावे, ही कल्पना कागदावर फार लवकर सुचते आणि भट्टीपर्यंत पोचता पोचता तितक्याच लवकर बिघडते. या कामात आधी मेणात नमुना घडवतात, त्याभोवती साचा करतात, भट्टीत मेण जाळून काढतात आणि त्या रिकाम्या जागेत वितळलेला धातू, म्हणजे रस, ओततात. बिघडलेले नग दुरुस्तीसाठी माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांत नवीन चूक क्वचितच सापडते. त्याच त्या गोष्टी दर वेळी निराळ्या माणसाने नव्या उत्साहाने केलेल्या असतात, आणि बहुतेकांच्या मुळाशी एकच समजूत असते की कापड म्हणजे वरचे सजावटीचे आवरण आणि खालचे फर्निचर वेगळे. प्रत्यक्षात कापडाची जाडी, त्याची शिवण, त्याचा काठ आणि ते कसे लोंबते, यांवरूनच कांस्याची जाडी, जोडांच्या जागा आणि रस ओतण्याच्या वाटा ठरवाव्या लागतात. ज्याने हे आधी ठरवले नाही, त्याला ते पुढे ग्राइंडर हातात घेऊन ठरवावे लागते.

खरे कापड मेणात बुडवून थेट साच्यात घालणे

माझ्या मते ही सर्वांत महागडी चूक आहे, आणि ती करणाऱ्यांना ती चूक न वाटता युक्ती वाटते. झाडाचे पान किंवा वाळलेली शेंग थेट साच्यात पुरून, भट्टीत जाळून, तिच्या जागी धातू ओतता येतो, हे खरे आहे. त्यावरून कापडही तसेच जळून जाईल आणि त्याची हुबेहूब प्रतिमा कांस्यात मिळेल, असा निष्कर्ष काढला जातो. पान एकसंध असते. कापड एकसंध नसते. त्यात तंतू, खळ, रंग, रंग पक्का करणारे क्षार आणि मधली रिकामी जागा असते, आणि यांतील प्रत्येक गोष्ट साच्यात वेगळी वागते.

पुण्यातील एका तरुण डिझायनरला गोधडी पांघरलेल्या बाकाचे काम मिळाले होते. घरमालकिणीने त्यासाठी आपल्या आजीने शिवलेली गोधडीच दिली होती. टाका न् टाका यावा म्हणून या गृहस्थांनी ती वितळलेल्या मेणात भिजवली, फळीवर पसरून दोन्ही बाजूंनी घड्या पाडल्या आणि एका ओतशाळेत नेऊन तशीच प्लास्टर आणि विटांच्या पुडीच्या साच्यात पुरली. ओतशाळेनेही हरकत घेतली नाही, कारण बिघडले तरी धातूचे पैसे मिळणारच होते. साचा फोडला तेव्हा मी तिथे होतो. वरची बाजू पहिल्या नजरेत देखणी होती. धावदोऱ्याचा प्रत्येक टाका दिसत होता, इतकेच काय, एका कोपऱ्यात दोरा संपल्यावर मारलेली गाठसुद्धा उठून आली होती. मग ब्रश फिरला आणि एकेक गोष्ट उघडी पडू लागली. गोधडीत एक ठिगळ टेरीकॉटचे होते. तेवढ्या चौकोनात तळहाताएवढा काळा, फेसाळलेला खड्डा पडला होता, कारण कृत्रिम धागा आधी वितळतो आणि मागे चिकट कोळसा ठेवतो. दुसऱ्या बाजूला जुन्या लुगड्याची जरीची पट्टी होती. तिच्यातील तांब्याची तार भट्टीत जळण्याचा प्रश्नच नव्हता, तिचा काळा चुरा होऊन तो धातूत रेघेसारखा अडकला होता. सर्वांत वाईट गोष्ट मात्र आत होती. गोधडीच्या थरांत मेण मध्यापर्यंत शिरलेच नव्हते, आणि साच्याचे ओले मिश्रण कडेच्या दोऱ्यांतून आत शोषले जाऊन मधोमध प्लास्टरचा पडदा तयार झाला होता. त्यामुळे एका जाड बैठकीऐवजी पत्र्यासारखे दोन पातळ थर ओतले गेले होते, आणि अंगठ्याने दाबले की ते टकटक वाजत होते. त्या बाकावर कोणी बसू शकले नसते, आणि पुन्हा प्रयत्न करायला गोधडी उरली नव्हती.

यातील कोळशाचा भाग नीट समजून घ्यावा, कारण सुती कापडाच्या बाबतीतही तो लागू पडतो. साच्यात कोळसा उरला असेल आणि तापमान ७०० अंश सेल्सियसच्या वर गेले, तर प्लास्टरमधील सल्फेट त्या कोळशामुळे अधिक सहज फुटते आणि गंधकाचा वायू सुटतो. तोच वायू पुढे रसात बारीक छिद्रांच्या रूपाने दिसतो. म्हणून 'भट्टी आणखी तापवा, म्हणजे राहिलेले जळेल' हा सल्ला प्लास्टरच्या साच्यात उलटा पडतो. साधारण ६०० ते ६५० अंशांवर, हवेच्या वाटा मोकळ्या ठेवून, कोळशाला प्राणवायू मिळेल इतका वेळ द्यावा लागतो. मोठ्या साच्याला हा वेळ तासांत नव्हे तर दिवसांत मोजावा लागतो, आणि नेमका तोच नवशिक्यांकडे नसतो.

माझी सवय सांगतो. मूळ कापड मी कधीच जाळत नाही, मग ते बाजारातून आणलेले का असेना. ते फळीवर हव्या त्या पडणीने बसवतो, पातळ खळ देतो, वाळल्यावर लाखेचा हलका हात फिरवतो आणि त्यावरून सिलिकॉन रबराचा साचा घेतो. घोंगडीच्या बाबतीत खळ महत्त्वाची असते, कारण लोकरीची लव रबराला धरून ठेवते आणि साचा सोडवताना दोन्ही फाटतात. घोंगडी विणणारे ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ देतात. मीही तीच वापरतो, लव बसते आणि धाग्याचा पीळ स्पष्ट राहतो. मग रबरात गरम मेणाचा पहिला हात मऊ ब्रशने, त्यावर दोन-तीन हात, आणि बैठकीच्या ठिकाणी एकूण जाडी किमान ५ मिलिमीटर. कापडाची जाडी अर्धा मिलिमीटर असते म्हणून कांस्यही तितकेच पातळ यावे, हा हट्ट सोडून द्यावा. ३ मिलिमीटरच्या खाली मोठ्या पृष्ठभागावर रस पोचण्याआधीच थिजतो. काठाशी मात्र मेण कोरून पातळ करावे, कारण पाहणाऱ्याची नजर जाडी काठावरूनच जोखते.

एक आडवी सूचना: प्लॅटिनम पद्धतीचे सिलिकॉन गंधक असलेल्या मॉडेलिंगच्या मातीला लागले, तर ते तिथे सुकतच नाही. आधी कोपऱ्यात थेंबभर लावून पाहावे.

विणीऐवजी विणीचे चित्र

दुसरी चूक संगणकामुळे वाढली आहे. पैठणीच्या पदराचा फोटो घ्यायचा, मोराची कडा गुळगुळीत करायची, तिला उठाव द्यायचा, प्लॅस्टिकमध्ये छापायची आणि मेजाच्या पृष्ठभागावर चिकटवायची. परिणाम मिठाईच्या खोक्यासारखा दिसतो, आणि मग 'कांस्यात पैठणीची नजाकत येत नाही' असा दोष धातूला दिला जातो. पैठणीची नक्षी वेगळ्या धाग्याने वर काढलेली नसते. रंगीत बाण्याचे, म्हणजे आडवे, धागे नक्षीच्या हद्दीपर्यंत जाऊन परत फिरतात आणि कापडाचाच भाग होतात, म्हणून ती दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. तिच्या वाकणाऱ्या रेषाही जवळून पाहिल्या तर धाग्यांच्या मोजणीने पडलेल्या बारीक पायऱ्या असतात. त्या पायऱ्या गेल्या की वीण गेली.

रेशमाचा प्रत्यक्ष उठाव इतका कमी असतो की ओतल्यानंतर वाळूच्या फवाऱ्यानेच तो पुसला जातो. म्हणून नक्षी पाच-सहा पटींनी मोठी करावी आणि पायऱ्या तशाच ठेवाव्यात. एका मेजावर अख्खा पदर बसवण्यापेक्षा एका मोराच्या मानेचा तुकडा, बाण्याच्या दिशेने ओरखडे घेत मेणात कोरलेला, मला कधीही पसंत पडेल. येवल्याला जाऊन मागाशेजारी एक दुपार बसल्याशिवाय या नक्षीला हात लावू नये, असे माझे मत आहे, आणि ज्यांना तेवढा वेळ नाही त्यांनी दुसरा विषय निवडावा.

छापलेल्या प्लॅस्टिकबद्दल एवढेच सांगतो की साध्या छपाईचे नमुने राख ठेवतात, आणि रेझिनचे नमुने जळण्याआधी फुगून सिरॅमिकच्या कवचासारख्या साच्याला तडे देतात. छापायचेच असेल तर छापील नमुन्यावरून रबर घ्यावे आणि मेण ओतावे.

बाजेची नवार किंवा सुंभ करताना याच चुकीचे दुसरे रूप दिसते. पट्ट्यांचे वर-खाली जाणे न दाखवता सपाट जाळी ओतली जाते, आणि तिच्यावर पट्ट्यांच्या कडा कोरल्या जातात. नवार मेणातच विणता येते, आणि ते मुळीच कठीण नाही. ४ मिलिमीटर जाडीच्या मेणाच्या पट्ट्या कोमट पाण्यात ठेवाव्यात, त्या चामड्यासारख्या नरम झाल्या की चौकटीवर एक वर, एक खाली अशा घालाव्यात, आणि मग प्रत्येक छेदावर गरम सुरीचे टोक सरकवून दोन पट्ट्या आतून जोडून घ्याव्यात. हे शेवटचे काम टाळले तर पट्ट्यांमध्ये केसाएवढी फट राहते, तिच्यात साच्याची माती पापुद्र्यासारखी शिरते, रसाच्या धक्क्याने तुटते आणि तरंगत जाऊन नेमकी बैठकीच्या मधोमध अडकते. माझा साधा नियम असा आहे की कोणतीही फट जितकी खोल असेल त्याहून रुंद असावी. तशी नसेल तर ती मेणाने बुजवावी आणि नुसती रेघ ठेवावी.

दोऱ्याचे काम ज्याला खरोखर समजून घ्यायचे आहे, त्याने बस्तरच्या घडवा या ओतकाम करणाऱ्या कारागिरांचे काम पाहावे. मातीच्या गाभ्यावर मेणाचे दोरे एकाला एक लावून ते मूर्तीचे अंग घडवतात, त्यामुळे धातूवर दिसणारी रेघ नंतर कोरलेली नसून ती मुळात दोराच असते. मेणात राळ मिसळून पिचकीतून, म्हणजे छिद्रातून मेणाचा दोरा काढणाऱ्या साधनातून, दाबलेला असा दोरा गोधडीच्या टाक्यांसाठी उत्तम चालतो. कोरलेल्या टाक्यापेक्षा तो जिवंत दिसतो, कारण त्याला खऱ्या दोऱ्याप्रमाणे सुरुवात आणि शेवट असतो.

जोड भलत्याच ठिकाणी घेणे

दीड मीटरचे बाक लहान ओतशाळेत एका ओतीत होत नाही, त्यामुळे ते तुकड्यांत करावे लागते. बहुतेक जण मूस, म्हणजे धातू वितळवण्याचे भांडे, किती किलोची आहे आणि साचा भट्टीत कितपत मावतो, एवढ्यावरून तुकडे पाडतात, आणि जोड विणीच्या मधून आडवा जातो. मग तो वेल्ड करायचा, घासून सपाट करायचा, आणि त्या सपाट पट्ट्यावर टाके पुन्हा कोरायचे. असा जोड कितीही कसबाने लपवला तरी तिरप्या उजेडात जखमेच्या व्रणासारखा दिसतो.

कापडालाच विचारावे की ते कुठे जोडले जाते. गोधडीत ठिगळाची कड असते, घोंगडी रुंद हवी असेल तर दोन पट्ट्या शिवून एक केलेली असते, लुगड्याला काठ असतो. जोड तिथेच घ्यावा, म्हणजे तो लपवावा लागत नाही. यासाठी मेणाचे तुकडे पाडण्याआधी ओतकाम करणाऱ्याशी बोलावे लागते, आणि नेमके हेच संभाषण कोणी करत नाही. ओताऱ्याला तयार मेण नेऊन देणे म्हणजे त्याच्याकडे फक्त धातू वितळवणारा म्हणून पाहणे होय.

आकसण्याचा हिशेबही याच टप्प्यावर करावा. कांस्य थिजून थंड होताना साधारण दीड ते दोन टक्के आकसते, आणि त्याआधी मेणही थोडे आकसलेले असते. ९०० मिलिमीटरच्या पट्टीत नुसत्या कांस्याचेच साधारण १४ ते १८ मिलिमीटर असेच जातात. एक तुकडा जाड आणि दुसरा पातळ असेल तर दोघांचे आकसणे तंतोतंत जुळत नाही, आणि ताण्याच्या रेघा जोडावर एकमेकींना चुकवतात. म्हणून शेजारच्या तुकड्यांची जाडी सारखी ठेवावी.

वेल्डिंगची सळई त्याच धातूची हवी. ८५-५-५-५ मिश्रणात ८५ टक्के तांब्याबरोबर कथील, शिसे आणि जस्त प्रत्येकी पाच टक्के असते, आणि त्यातले शिसे महत्त्वाचे. हे मिश्रण ओतायला सुखाचे आणि वेल्ड करायला त्रासाचे. त्यावर सिलिकॉन ब्राँझची सळई वापरली तर जोड टिकेल कदाचित, पण रंग चढवल्यावर तेवढीच रेघ वेगळी उठेल. मी प्रत्येक मोठ्या ओतीच्या शेवटी मुशीत राहिलेल्या रसाच्या बारीक कांड्या ओतून ठेवतो आणि त्याच कामासाठी वापरतो. जोडावरच्या विणीसाठी ग्राइंडर आणूच नये. टाक्याच्या मापाचे दोन-तीन लोखंडी ठसे स्वतः घासून बनवावेत आणि धाग्याच्या दिशेने ठोकत जावे. ज्यांना हे कंटाळवाणे वाटते त्यांच्याशी मी सहमत आहे, ते कंटाळवाणेच आहे.

थोडक्यात सांगण्यासारख्या चुका

रसाच्या वाटा नेहमी मागच्या बाजूने घ्याव्यात. विणीवर लावलेला रनर (रसाची वाट) कापल्यावर तिथे टक्कल पडते.

भंगारात कासे मिसळू नये. ताट-वाट्यांच्या काशात सुमारे २२ टक्के कथील असते, ते गोड वाजते आणि तितकेच सहज तडकते.

पितळेच्या भंगारातील जस्त ९०७ अंशांना उकळते आणि पांढरा धूर सोडते. तो छातीत गेल्यास रात्री थंडी वाजून ताप येतो, म्हणून मुखपट्टी आणि मोकळी हवा यांत सवलत घेऊ नये.

पावसाळ्यात साचा बाहेरून कोरडा वाटतो आणि आतून ओला असतो. ओल्या साच्यात रस ओतला की पाण्याची एकदम वाफ होऊन रस बाहेर उसळतो. यावर अधिक लिहिण्याची गरज भासू नये.

घड्या कल्पनेने घडवू नयेत. नऊवारीचे सुती कापड बारीक आणि अनेक चुण्यांनी पडते, घोंगडी मोजक्या आणि जाड घड्यांनी पडते. कापड खुर्चीवर टाकून पाहायला काहीही खर्च येत नाही.

बैठकीवर शोकेसचा रंग चढवणे

फर्निचरला लोक हात लावतात, त्यावर बसतात, घामेजलेले तळवे टेकवतात, आणि तरीही त्याचा पटिना, म्हणजे रसायनांनी धातूवर चढवलेला रंग, शोभेच्या मूर्तीसारखा केला जातो. तांब्याच्या नायट्रेटचा निळसर हिरवा रंग सर्वांना हवा असतो, कारण तो फोटोत जुना दिसतो. बसण्याच्या जागी तो पावडरीसारखा सुटतो आणि पांढऱ्या कपड्यांवर उतरतो. बैठक, हात टेकण्याची जागा आणि कडा यांना मी फक्त गंधकाच्या द्रावणाचा तपकिरी ते काळा रंग देतो. धातू गरम करून पातळ हात, मग बारीक स्कॉच-ब्राइटने उंच धाग्यांवरचा रंग हलका उतरवणे, पुन्हा एक हात, आणि कोमट असतानाच मेण, असा क्रम ठेवला की धाग्याचे माथे उजळ आणि खोबणी गडद राहतात, आणि वीण रंगामुळेच वाचता येते. हिरवा हवाच असेल तर तो पाय आणि मागची बाजू यांपुरता ठेवावा. समुद्राजवळच्या घरांसाठी हा संयम अधिकच लागतो, कारण खाऱ्या हवेतील क्लोराइड खोबणीत साचून पुढे फिकट हिरवी भुकटी सुटू लागते, आणि तिला पटिना समजून लोक खूश होतात.

याहून मोठा धोका घरातलाच असतो. गणपतीच्या आधी किंवा दिवाळीत तांब्या-पितळेची भांडी बाहेर निघतात, चिंच आणि मीठ भिजवले जाते, आणि त्याच हाताने बाकही घासले जाते. काळवंडलेला धातू म्हणजे न घासलेला धातू, हा आपल्या घरांतला पक्का आणि अन्यथा योग्य समज आहे. घासणाऱ्याचा त्यात काहीही दोष नाही. चिंचेतील आम्ल वरची ऑक्साइडची पुटे विरघळवते आणि मीठ मागे क्लोराइड ठेवते, म्हणजे रंगही गेला आणि पुढच्या गंजाची बीजेही पेरली गेली. अशा बाकाची वीण अर्धी सोनेरी, अर्धी काळी झालेली मी पाहिली आहे, आणि मालकांना मात्र ती 'नॅचरल एजिंग' वाटत होती.

यावर माझा उपाय तांत्रिक नाही. देखभालीची सूचना मी मालकाला इंग्रजीत पाठवत नाही. प्रत्यक्ष साफसफाई करणाऱ्या व्यक्तीला समोर उभे राहून सांगतो आणि बाकाच्या खालच्या बाजूला मराठीत चिठ्ठी चिकटवतो: कोरडे मऊ फडके, खोबणीसाठी रंगाचा रुंद कोरा ब्रश, चिंच-लिंबू-पावडर नाही, वर्षातून दोनदा रंगहीन मेण. खोबणी ब्रशने साफ होतील इतकीच खोल ठेवणे, हे अर्थातच मेणाच्या टप्प्यावरचे काम आहे.

वजन आणि पाय

कांस्याची घनता पाण्याच्या पावणेनऊ पट असते. दीड मीटर लांब, ४५ सेंटिमीटर रुंद आणि ५ मिलिमीटर जाडीची नुसती बैठक ३० किलोच्या आसपास जाते. दोन्ही टोकांना ४० सेंटिमीटरच्या लोंबत्या घड्या धरल्या तर ती ४५ किलोच्या वर जाते, आणि हे पायांशिवाय. 'मजबुतीसाठी' जाडी ८ मिलिमीटर करणाऱ्याने बाक कोणत्या मजल्यावर जाणार आहे हे आधी विचारावे. मजबुती जाडीतून आणण्यापेक्षा घड्यांतून आणावी. कापडाची चुणी हीच पत्र्याची पन्हळ असते आणि ती योग्य ठिकाणी पडली तर खाली वेगळी चौकट लागत नाही.

शिल्पकार आणि फर्निचरकार दिएगो जाकोमेत्ती यांनी पॅरिसच्या पिकासो संग्रहालयासाठी केलेल्या फर्निचरचे फोटो दाखवून तसलेच काटकुळे पाय मागितले जातात. पाय तसे करता येतात, पण ते भरीव, चांगल्या कथील-कांस्याचे आणि एकमेकांना आडव्या पट्टीने बांधलेले हवेत. पोकळ पाय ओतून आत काँक्रीट भरणारे महाभाग मी पाहिले आहेत. दुसरा रूढ शॉर्टकट म्हणजे खाली साध्या लोखंडी अँगलची चौकट घालून वर कांस्य बसवणे. ओलावा मिळाला की या जोडीत लोखंड आधी गंजते, आणि गंजाचा तांबूस ओघळ घडीच्या टोकावरून उतरतो. चौकट अटळ असेल तर ती आणि तिचे बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत, दोन धातूंच्या मध्ये नायलॉनचे वॉशर घालावेत आणि पायाच्या तळाला किमान ५ मिलिमीटर उंचीची नायलॉनची बैठक द्यावी. फरशी पुसण्याचे पाणी रोज त्या पायापर्यंत येते, ही गोष्ट डिझाइनच्या चित्रात कोणी दाखवत नाही.